तिचा माइक बंद का असायचा : रात्रपाळीत घरून काम करणाऱ्या एका टीमचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पहाटे दोन चाळीसला तिच्या राजीनाम्याची मेल आली. पाळी संपून दहाच मिनिटं झाली होती. मजकूर दोन ओळींचा, कारण 'वैयक्तिक'. मी या टीमचं एच.आर.चं काम पाहते. सकाळी मेल उघडली आणि लक्षात आलं की मला तिचा चेहरा नीट आठवत नाही. तीन वर्षं ती आमच्याकडे होती, त्यातली दोन घरून.

हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिनं मसुदा वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या. नावं कोणाचीच दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

काम आणि पाळी

टीम चौदा जणांची. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तिथल्या विमा कंपन्यांकडे अडकली की ती सोडवायची, हे आमचं काम. क्लेम, म्हणजे बिलाच्या पैशाची मागणी, नाकारला गेला की सोबत एक कोड येतो. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी, सीओ-२९ म्हणजे दाखल करायची मुदत उलटली. कोड सगळीकडे सारखे, पण प्रत्येक विमा कंपनीची तऱ्हा वेगळी. मेडिकेअरला, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याला, उपचाराच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते, काही खासगी कंपन्या ९० दिवसच देतात. मुदत गेली की तो पैसा दवाखान्याचा बुडाला, कारण सीओ कोडची रक्कम पेशंटकडून वसूल करता येत नाही. म्हणून कोणत्या कंपनीची मुदत किती, कोणता कागद मागतात, फोनवर कोणता पर्याय दाबला की माणूस भेटतो, ही माहिती आमच्या धंद्यात सोन्याच्या मोलाची.

पाळी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. तिकडच्या त्या तासामुळे नागपूरच्या मनीषनगरातल्या एका घरात जेवणाची वेळ, मुलाच्या अभ्यासाची वेळ आणि सासूबाईंच्या औषधाची वेळ वर्षातून दोनदा सरकते. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच ते रात्री अडीच, हिवाळ्यात साडेसहा ते साडेतीन. आम्ही दर वेळी आदल्या शुक्रवारी एक ओळीची सूचना पाठवायचो आणि विषय संपवायचो.

ऑफिस होतं तेव्हा रात्री घरी सोडायला गाडी असायची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीकडून काम घ्यायचं तर तिची संमती लागते, आणि तिची सुरक्षा व घराच्या दारापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी असते. आमच्या गाडीत चौघीजणी असायच्या. वर्धा रोडनं रिकाम्या रस्त्यावरून येताना अर्धा तास त्या बोलायच्या. आज कोणता क्लेम सुटला, कोण काय बोललं, कोणाच्या पोराला ताप आहे. घरून काम सुरू झालं तेव्हा गाडी बंद झाली आणि सगळ्यांना आनंद झाला, मलाही. संमतीचे कागद फायलीत होते, ते परत कोणी उघडले नाहीत. त्या गाडीतला अर्धा तास किती कामाचा होता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आम्हाला जे दिसत होतं

घरून काम सुरू झाल्यावर माणसं एकटी पडतील म्हणून मी 'महिन्याचा मानकरी' सुरू केला. ज्यानं सर्वांत जास्त क्लेम निकाली काढले त्याला चॅटवर एक बॅज, खरेदीचं कूपन आणि ऑनलाइन बैठकीत टाळ्या. सलग तीन महिने एकाच मुलानं तो पटकावला. मुलगा हुशार आणि मेहनती, त्यात शंका नाही. पण वडील दवाखान्यात भरती असताना, सुटी टाकलेल्या दिवशीही तो लॉगिन करत होता आणि आम्ही त्याच दिवसांचं काम मोजून त्याला बॅज देत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

आणि ती? तिचे क्लेम सरासरीच्या किंचित खाली. बैठकीत कॅमेरा बंद, माइक बंद. विचारलं तर चॅटमध्ये 'ओके' किंवा 'डन'. टीम लीड पुण्यात बसतो. त्यानं वार्षिक मूल्यमापनात लिहिलं, 'सहभाग कमी, पुढाकार दिसत नाही.' खाली माझी सही आहे.

तिच्या घरी

नोकरी सोडणाऱ्याशी शेवटचं बोलणं आम्ही व्हिडिओवर करतो. या वेळी मी फोन करून विचारलं, "घरी येऊ का? नाही म्हटलंस तरी चालेल." थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "या नं मॅडम. सहानंतर या, आत्ता लय ऊन आहे."

दार सासूबाईंनी उघडलं. पन्हं दिलं आणि मी काही विचारायच्या आधीच सुरू झाल्या. "झोपते कुठं जी ती? दहाले डोळा लागला का साडेदहाले कुरियरवाला, अकराले भाजीवाला. पोट्ट्याच्या सुट्ट्या, घरभर धिंगाणा. चार महिन्यांपासून पाहून राहिली मी. तिची तब्येत पाहा तुम्ही."

तिची कामाची जागा म्हणजे झोपायच्या खोलीचा एक कोपरा. खिडकीत मोठा पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला. त्याच्यापासून चार हातांवर टेबल. टेबलावर लॅपटॉप, कंपनीनं दिलेला साधा हेडफोन आणि घडी घातलेला एक ओला दुपट्टा.

बाहेरच्या वाचकाला नागपूरच्या मे महिन्याची कल्पना यायची नाही. मे २०१३ मध्ये इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दर वर्षी तेवढा जात नाही, पण पंचेचाळीसच्या आसपासचे दिवस येतातच आणि रात्री अकरालाही भिंती गरम असतात. घरोघरी कूलर असतो आणि पत्र्याच्या कूलरचा आवाज ट्रक सुरू करून ठेवल्यासारखा येतो. तिनं मला तो चालू करून दाखवला. बोलायला आवाज चढवावा लागला.

"कूलर चालू ठेवला तर फोनवरची बाई विचारते, हा आवाज कसला आहे? एकदा तक्रार गेली. मग मी कॉल असला का बंद करते. होल्डवर कधी कधी चाळीस मिनिटं ठेवतात. दुपट्टा भिजवून मानेला गुंडाळून बसते. मिटिंगमध्ये मला बोलायचं नसतं, म्हणून तेवढा वेळ कूलर लावते अन् माइक बंद ठेवते. तेवढीच काय ती हवा लागते."

पुण्यातल्या लीडला हे कधी सुचलंच नसतं. तो वाईट माणूस नाही. त्याच्या घरी खिडकी उघडली की रात्री वारा येतो. पण मी नागपूरची. माझ्या घरी कूलर आहे. मलाही सुचलं नाही, हे मला अजून बोचतं.

तक्ता

निघता निघता मी विचारलं, तू गेल्यावर तुझं काम कोणाकडे द्यायचं? ती म्हणाली, "क्लेम कोणालाही द्या. तक्ता तेवढा कोणाला तरी सांगा, नाहीतर जुना होईल."

कोणता तक्ता?

टीममधले सगळे रोज एक शेअर केलेली शीट उघडतात. कंपनीवार मुदती, कोडवार करायच्या गोष्टी, फोनवरचे पर्याय, कोणता कागद फॅक्स करायचा आणि कोणता पोर्टलवर चढवायचा. मला वाटायचं ती अमेरिकेतल्या ग्राहकाकडून आलेली आहे. लीडला वाटायचं, आधीच्या लीडनं केली असेल. ती हिनं केलेली होती. पाळी संपल्यावर अडीच ते तीन या वेळेत, पूर्वी जो अर्धा तास गाडीत जायचा त्या अर्ध्या तासात, ती दिवसभरात कळलेलं त्यात भरायची. "गाडीत आम्ही हेच बोलायचो नं. गाडी बंद झाली, तर म्हटलं कुठं तरी लिहून ठेवावं." दोन वर्षं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. मानकरी ठरलेल्या मुलाचा वेगही त्याच शीटवर उभा होता, आणि हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

इथं थोडं थांबून एक जुनी मांडणी सांगते, कारण तिच्यामुळे मला हे प्रकरण उलगडलं. समाजशास्त्रज्ञ योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम आणि मोबदला यांच्यातल्या असमतोलाचा सिद्धांत मांडला. मोबदल्यात ते तीन गोष्टी धरतात : पैसा, मान, आणि नोकरीतली खात्री व बढती. ओतलेले श्रम जास्त आणि परत येणारं कमी, असं दीर्घकाळ चाललं की माणसाच्या तब्येतीवर परिणाम होतो. तिच्या बाबतीत पैसा क्लेमच्या आकड्यावर ठरत होता, मान दुसऱ्याला मिळत होता आणि बढतीच्या कागदावर 'पुढाकार दिसत नाही' असं लिहिलेलं होतं. तिन्ही दारं बंद होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. गळून जाणं, कामापासून मन उडणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. ती मला म्हणाली होती, "मी काम बरोबर करते का नाही, तेच कळत नाही आता." हे तिसरं अंग. ही अवस्था कामातून आलेली असेल तर फक्त माणसाला समुपदेशकाकडे पाठवून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. काम जसंच्या तसं ठेवून कर्मचाऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

झोपेसाठी मात्र डॉक्टर हवाच होता. ती तिच्या डॉक्टरांना भेटली. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मी तिला आणि सगळ्या टीमला दिला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनला झोप न येणाऱ्या माणसाला हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

पहिली चूक दुरुस्त करताना झालेली दुसरी चूक

तिनं राजीनामा एक महिना थांबवला. मी उत्साहात होते. पुढच्याच मोठ्या ऑनलाइन बैठकीत, इतर टीमही हजर असताना, आम्ही तिचं नाव घेतलं, तक्ता पडद्यावर दाखवला, सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी अकरा जणांनी तिला थेट मेसेज केले. यातले बरेच तिच्या टीमचेही नव्हते. ह्या कंपनीचं काय करायचं, त्या कोडला काय लिहायचं. तिनं सगळ्यांना उत्तरं दिली आणि त्या रात्री पाळी संपायला साडेतीन वाजले. शनिवारी तिनं मला फोन केला. आवाज चढला नव्हता. "मॅडम, आधी कोणाला माहीत नव्हतं तेच बरं होतं."

या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटतं. आम्ही तिला मान दिला आणि सोबत भार दिला. भार आधीच होता, तो दुप्पट केला. दूरवर बसलेल्या माणसाला टाळ्या ऐकू येतात, पण टाळ्या संपल्यावर त्याच्या टेबलावर काय येऊन पडतं ते आपल्याला दिसत नाही. ऑफिसात अकरा जण तिच्या खुर्चीभोवती जमले असते तर लीडनं पाहिलं असतं आणि हाकललं असतं.

मग क्रम उलटा केला. आधी वेळ मोकळा करायचा, मग कौतुक. तिच्या क्लेमचं लक्ष्य कमी केलं आणि पाळीच्या आत एक तास तक्त्यासाठी ठेवला. अडीचनंतर शीट कुलूपबंद, कोणालाच लिहिता येत नाही, तिलाही नाही. प्रश्न एका सामायिक ग्रुपवर विचारायचे, थेट मेसेज करायचा नाही. दुसरा एक मुलगा तिच्यासोबत शीट सांभाळायला घेतला, म्हणजे ती सुटीवर गेली तरी काही अडणार नाही. शीटमध्ये एक नवा रकाना आला : ही नोंद कोणी केली.

पगाराचं भांडण वेगळं झालं. वरिष्ठांनी विचारलं, एका शीटसाठी पगारवाढ? मी आणि लीडनं बसून मागच्या तिमाहीतले, मुदत संपायला आठवडाही राहिला नसताना वाचवलेले क्लेम काढले आणि त्यातल्या कोणत्या मुदती शीटमधून कळल्या होत्या ते एकेक दाखवलं. हे काम लीडनं मनापासून केलं, त्याचं श्रेय त्याला. मूल्यमापनातलं ते वाक्यही त्यानं स्वतःहून मागं घेतलं आणि तिला फोन करून तसं सांगितलं. तिचं पद बदललं, पगार वाढला.

आणि हेडफोन. आजूबाजूचा आवाज गाळणारा चांगला हेडफोन. टीममध्ये ज्यांच्या घरी कूलर आहे त्या सगळ्यांना घेऊन दिला. खर्च किरकोळ. यादी करताना कळलं की चौदापैकी नऊ जण मे महिन्यात कॉलवर असताना कूलर बंद करत होते.

बाकीच्यांचं काय

'मानकरी' मी बंद केला. यावर वाठोड्याचा एक मुलगा नाराज झाला. तो लाजत म्हणाला, "ताई, माझ्या आईले दाखवायचो मी तो बॅज. तिले इंग्रजी नाही येत, पण चमकतो नं तो." तेव्हा ध्यानात आलं की आमचं सगळं कौतुक इंग्रजीत होतं आणि स्क्रीनवर होतं. घरच्यांना पोरगं रात्रभर खोलीत बसून कोणाशी तरी बोलतं एवढंच माहीत.

तेव्हापासून आम्ही कागदावर, मराठीत पत्र लिहितो आणि स्पीड पोस्टनं घरी पाठवतो. अट एकच, पत्रात नेमकं काय केलं ते यायला हवं. त्या मुलाचं पत्र असं होतं : 'मागच्या मंगळवारी एका दवाखान्याचा क्लेम तीन वेळा नाकारला गेला होता. चौथ्यांदा तुम्ही जुना फॅक्स शोधून काढलात, त्यावरची तारीख दाखवलीत आणि मुदतीत दाखल झाल्याचं सिद्ध केलंत. त्या दवाखान्याचे पैसे मिळाले. हे करायला तुम्हाला सांगितलं नव्हतं.' त्याच्या आईनं ते शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, असं तो सांगत होता.

सगळ्यांना पत्र आवडतंच असं नाही. एकीनं स्पष्ट सांगितलं, घरी पत्र नको, सासरी प्रश्न विचारतात. तिला दोन तासांची सुटी हवी असते, ती देतो. कोणाला काय हवं हे विचारूनच ठरवतो.

लीड आता दर आठवड्याला प्रत्येकाशी पंधरा मिनिटं फोनवर बोलतो, कॅमेऱ्याशिवाय. 'कशी आहेस?' विचारलं की 'मस्त' हेच उत्तर येतं. म्हणून तो विचारतो, 'या आठवड्यात कशानं अडलं?' मग कूलर निघतो, लाइट जाणं निघतं, वरच्या मजल्यावरचं बांधकाम निघतं. आम्ही एकदा निनावी सर्वेक्षणही केलं होतं. चौदा जणांच्या टीममध्ये ते निनावी राहत नाही, लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो, म्हणून उत्तरंही गुळमुळीत आली. ते सोडून दिलं.

महिन्यातून एकदा सगळे प्रत्यक्ष भेटतात, सीताबर्डीच्या आसपास, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथं मिळतात आणि कोणालाच फार लांब पडत नाही. तो वेळ पगारी धरतो आणि न येणाऱ्याला कारण विचारत नाही. त्या चौघीजणी भेट संपल्यावरही अर्धा तास तिथंच उभ्या असतात.

रात्रपाळीची संमती आता दर सहा महिन्यांनी नव्यानं विचारतो. सुट्यांचा हिशेबही मी काढला. कायद्यानं मिळणाऱ्या आठ किरकोळ रजा वर्षअखेरीस रद्द होतात, आणि मागच्या वर्षी तिच्या आठही रद्द झाल्या होत्या. आता तिमाही संपताना ज्याची एकही रजा गेलेली नाही, त्याला लीड फोन करतो.

सगळं सुरळीत झालेलं नाही. एक मुलगी जुलैमध्ये सोडून गेली. रात्रपाळी तिला झेपत नव्हती आणि दिवसाचं काम आमच्याकडे नव्हतं. मानकरी ठरलेला मुलगा अजूनही सुटीत लॉगिन करायला बघतो. त्याचं खातं रजेच्या दिवशी बंद ठेवावं लागतं, आणि सुरुवातीला त्याला त्याचा राग आला होता.

पोळ्याच्या आठवड्यात तिचा रजेचा अर्ज आला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'तान्हा पोळा.' सहा वर्षांच्या मुलाचा लाकडी बैल सजवून गल्लीत न्यायचा होता. लीडनं मला फोन केला, पुण्यात तान्हा पोळा नसतो, हे काय असतं म्हणून. मी समजावून सांगितलं. त्यानं रजा मंजूर केली आणि खाली लिहिलं, 'बैलाचा फोटो पाठवा.'

संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर फोटो आला. झूल घातलेला, शिंगांना बेगड लावलेला बैल आणि त्याची दोरी धरून उभा असलेला मुलगा. फोटोत कडेला तीही होती. त्या रात्री पाळी संपल्यावर मी शीट उघडून पाहिली. तीन नव्या नोंदी होत्या. नव्या रकान्यात तिघा वेगवेगळ्या जणांची नावं होती.